शेजाऱ्याचे पिस्तूल, खाजगी विक्री आणि पार्श्वभूमीची तपासणी: कायदा नेमका कुठे अपुरा पडतो?

प्रश्न: वृंदा, ह्यूस्टन

सर्वांना नमस्कार. आम्ही नऊ वर्षांपासून टेक्सासमध्ये, ह्यूस्टनच्या पश्चिमेकडील एका उपनगरात राहतो. आमच्या शेजारचे गृहस्थ सत्तरीला टेकले आहेत. पत्नी गेल्यापासून ते एकटेच असतात आणि पुढच्या महिन्यात घर विकून मुलीकडे राहायला जाणार आहेत. गेल्या शनिवारी गॅरेज आवरताना त्यांनी आम्हाला शिडी आणि गवत कापायचे यंत्र देऊ केले, आणि मग आतून प्लॅस्टिकची एक छोटी पेटी आणून माझ्या यजमानांपुढे ठेवली. पेटीत पिस्तूल होते. तीनशे डॉलर रोख द्या, कागदपत्रांची गरज नाही, टेक्सासमध्ये दोन माणसांमधला व्यवहार असाच होतो, असे ते म्हणाले. आमच्या वसाहतीत अलीकडे दोन घरफोड्या झाल्या आहेत, त्यामुळे घरात काहीतरी असावे असे यजमानांना वाटू लागले आहे. त्यांनी विचार करून सांगतो म्हटले.

मला मात्र त्या दिवसापासून स्वस्थ झोप नाही. आमचा मुलगा पाचवीत आहे. शाळेत बंदूकधारी शिरला तर काय करायचे, याचा त्याच्या शाळेत वर्षातून काही वेळा सराव घेतात: दिवे मालवायचे, दार आतून लावायचे आणि दाराच्या काचेतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात सगळ्यांनी आवाज न करता बसायचे. मागच्या खेपेस त्याच्या शेजारी बसलेल्या मुलीला उचकी लागली, तेव्हा तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले, हे त्याने जेवताना भातावर वरण वाढून घेता घेता सांगितले. ज्या गोष्टीच्या भीतीने मुले असे बसतात, ती गोष्ट गवत कापायच्या यंत्राबरोबर रोखीने मिळू शकते, हे मला पटत नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. शेजाऱ्यांचे म्हणणे कायद्याने खरोखरच बरोबर आहे का? आणि दुकानातल्या प्रत्येक विक्रीपूर्वी घेणाऱ्याच्या पार्श्वभूमीची तपासणी होत असेल, तर एवढी हत्याकांडे कशी घडतात, आणि ‘तपासणी कडक करा’ असे जे सारखे ऐकू येते त्याचा प्रत्यक्षात अर्थ काय? आम्ही दोघेही अजून एच-१बी व्हिसावर आहोत आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत आहोत, त्यामुळे मत देण्याचा प्रश्न येत नाही, पण मूल इथल्याच शाळेत जाते.


उत्तर: माधवकाका, विस्कॉन्सिन

वृंदाताई, बाकी सर्व चर्चा बाजूला ठेवून आधी एकच सांगतो. ते पिस्तूल घेऊ नका, आणि यजमानांनी ते ‘सांभाळायला’ म्हणूनसुद्धा घरात आणू नये. तुम्ही शेवटी सहज लिहिलेले वाक्य या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचे आहे. स्थलांतरित नसलेल्या, म्हणजे एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. याला काही मोजके अपवाद आहेत, उदाहरणार्थ एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. तो नसेल तर हा गंभीर गुन्हा ठरतो, २०२२ पासून त्याला पंधरा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या माणसाचे इथले सर्वस्व त्यात जाऊ शकते. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही मनाई राहत नाही.

शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. टेक्सासमध्ये एका रहिवाशाने दुसऱ्या रहिवाशाला खाजगीरीत्या बंदूक विकली तर तपासणीची सक्ती नाही. मात्र घेणारा कायद्याने अपात्र आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानायला सबळ कारण असताना विकणे हा गुन्हाच आहे. विचारण्याचे बंधन मात्र कुणावरही नाही, आणि सारी गोम तिथेच आहे.

मी १९८९ साली इथे आलो, वीस वर्षांपूर्वी नागरिक झालो आणि दर नोव्हेंबरमध्ये हरणांच्या नऊ दिवसांच्या हंगामात मित्रांबरोबर जंगलात जातो. माझ्याकडे दोन रायफली आहेत. दोन्ही दुकानातून घेतल्या, म्हणून तिथे काय घडते ते सांगतो. परवानाधारक दुकानदार तुमच्यापुढे ४४७३ क्रमांकाचा फॉर्म ठेवतो. त्यात एकेक प्रश्नापुढे होय किंवा नाही अशी खूण करायची असते. शस्त्र तुम्ही स्वतःसाठीच घेत आहात ना, तुमच्यावर गंभीर गुन्ह्याचे आरोपपत्र आहे का, तशी शिक्षा झाली आहे का, अमली पदार्थांचे सेवन करता का, मनोरुग्णालयात सक्तीने दाखल केले होते का, कौटुंबिक हिंसाचारात शिक्षा किंवा न्यायालयाचा मनाई आदेश आहे का, आणि तुम्ही तात्पुरत्या व्हिसावर आहात का, हेही. खोटे उत्तर देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. मग दुकानदार फोनने किंवा संगणकावरून एफबीआयच्या ‘निक्स’ या यंत्रणेला विचारतो आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत तिघांपैकी एक उत्तर येते: विका, थांबा, नकार.

ही व्यवस्था ज्या कायद्यातून आली त्याला जेम्स ब्रॅडी यांचे नाव आहे. ३० मार्च १९८१ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर झालेल्या हल्ल्यात त्यांचे हे वृत्तसचिव डोक्यात गोळी लागून कायमचे जायबंदी झाले. हल्लेखोराने रिव्हॉल्व्हर तुमच्याच राज्यात, डॅलसमधल्या एका दुकानातून घेतले होते. ब्रॅडी आणि त्यांच्या पत्नी सेरा यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर नोव्हेंबर १९९३ मध्ये कायदा झाला आणि १९९८ मध्ये निक्स सुरू झाली. पण बंधन आले ते फक्त परवानाधारक दुकानदारांवर. २०१५ च्या एका राष्ट्रीय पाहणीत, मागील दोन वर्षांत बंदूक मिळवलेल्यांपैकी सुमारे २२ टक्के लोकांनी ती कोणत्याही तपासणीशिवाय मिळवल्याचे आढळले.

टेक्सासमध्येच याचे अतिशय दुःखद उदाहरण आहे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी मिडलंड आणि ओडेसा या भागात एका माणसाने गोळीबार करून सात जणांना मारले. २०१४ मध्ये तो दुकानात गेला होता, तेव्हा मानसिक आजाराच्या नोंदीमुळे निक्सने त्याला नकार दिला होता, म्हणजे यंत्रणेने आपले काम चोख केले होते. पुढे त्याने खाजगी विक्रेत्याकडून रायफल घेतली. तो विक्रेता परवान्याशिवाय बंदुकांचा धंदा करत होता आणि त्याला नंतर त्यासाठी तुरुंगात जावे लागले, पण ती सात माणसे परत आली नाहीत.

माझ्यासारख्या अनेक शिकाऱ्यांचा एक आक्षेप मी प्रामाणिकपणे नोंदवतो. प्रत्येक व्यवहार दुकानातून झाला की सरकारकडे बंदूकधारकांची यादी तयार होईल, अशी भीती खेड्यापाड्यांत फार खोलवर आहे. मला ती अनाठायी वाटते. संघराज्याला अशी यादी करण्यास १९८६ च्या कायद्याने बंदी आहे आणि निक्सने ‘विका’ म्हटलेल्या व्यवहाराची ओळख पटेल अशी माहिती चोवीस तासांत नष्ट करावी लागते. तरीही वडिलांची रायफल मुलाला देताना दुकानात जावे लागू नये, एवढी सूट असावी असे मला वाटते, आणि खाजगी विक्रीला तपासणी लावणाऱ्या बऱ्याच राज्यांनी ती ठेवलेलीही आहे.


उत्तर: सुनीती, पूर्व किनारा

माधवकाकांनी दुकानाच्या अलीकडची बाजू सांगितली, मी पलीकडची सांगते. पूर्व किनाऱ्यावरील एका राज्यात मी एका काउंटी (म्हणजे जिल्हा) न्यायालयात अकरा वर्षे नोंदींचे काम करते. वृंदाताईंचा दुसरा प्रश्न, की तपासणी होऊनही असे कसे घडते, त्याचे अर्धेअधिक उत्तर आमच्यासारख्या कार्यालयांत आहे.

निक्स ही काही माणसाचे मन वाचणारी यंत्रणा नाही. ती संगणकातील काही साठ्यांत नाव शोधते, आणि त्या साठ्यात जे कुणी घातलेच नसेल ते तिला सापडत नाही. मी इथे रुजू झाले तेव्हा मागच्या खोलीत लोखंडी कपाटांमध्ये जुन्या खटल्यांच्या फायली होत्या. त्यांतल्या कित्येकांत अटकेची नोंद राज्याकडे गेलेली होती, पण निकालाची गेलेली नव्हती. अटक झाली, पुढे शिक्षा झाली की सुटका, हे पाठवायचे राहून गेले. अशा माणसाचे नाव निक्समध्ये आले की तिथल्या तपासनिसाला अटक दिसते आणि पुढे कोरे. मग तो आमच्याकडे फोन करतो किंवा फॅक्स पाठवतो. आम्ही फाईल शोधतो. फाईल गोदामात असेल तर गोदामाला पत्र जाते. या सगळ्यासाठी कायद्याने त्याला कामकाजाचे तीन दिवस दिलेले आहेत. तेवढ्यात उत्तर मिळाले नाही तर दुकानदाराला बंदूक देण्याची मुभा आहे. मोठ्या साखळी दुकानांपैकी काही उत्तर येईपर्यंत स्वतःहून थांबतात, पण कायदा त्यांना थांबवत नाही.

चार्ल्सटनमध्ये हेच झाले. एप्रिल २०१५ मध्ये दक्षिण कॅरोलायनात एक तरुण पिस्तूल घ्यायला गेला. त्याच्या नावावर अमली पदार्थ बाळगल्याची अटक होती आणि चौकशीत त्याने कबुली दिलेली होती. ती कबुली तपासनिसाच्या हाती लागली असती तर नकार निश्चित होता. पण अटक कोलंबिया शहराच्या पोलिसांनी केलेली असताना नोंदीत लेक्सिंग्टन काउंटीच्या शेरिफचे नाव होते. तिथून योग्य दिशा मिळूनही विचारणा शेजारच्या वेस्ट कोलंबियाच्या पोलिसांकडे गेली, आणि त्यांच्याकडे अर्थातच काही सापडले नाही. तीन दिवस उलटले, पिस्तूल दिले गेले, आणि १७ जून रोजी त्याने इमॅन्युएल चर्चमध्ये प्रार्थनेसाठी जमलेल्या नऊ जणांची हत्या केली. एफबीआयच्या संचालकांनी नंतर ही चूक जाहीरपणे मान्य केली. हा तपशील मी आमच्याकडे नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्याच आठवड्यात सांगते, कारण ‘कोणत्या खात्याने अटक केली’ हा आमच्या फॉर्ममधला एक छोटासा रकाना आहे आणि घाईत तो हमखास चुकतो.

सदरलंड स्प्रिंग्जचे प्रकरणही याच जातीचे, आणि तेही टेक्सासमधले. ५ नोव्हेंबर २०१७ रोजी तिथल्या चर्चमध्ये २६ बळी गेले. मारेकरी हवाई दलात असताना त्याला पत्नीला आणि लहानग्या सावत्र मुलाला मारहाण केल्याबद्दल लष्करी न्यायालयाने शिक्षा दिली होती. हवाई दलाने ती एफबीआयला कळवलीच नाही. तो दुकानात गेला, फॉर्म भरला, तपासणी झाली आणि ‘विका’ असे उत्तर आले. पुढे २०२१ मध्ये संघराज्याच्या न्यायाधीशांनी या हत्याकांडाची साठ टक्के जबाबदारी सरकारवर टाकली. एक अहवाल पाठवायचा राहतो, त्याची किंमत अशी असते.

आणि व्हर्जिनिया टेक विद्यापीठ. १६ एप्रिल २००७ ला तिथे मारल्या गेलेल्या ३२ जणांमध्ये मुंबईहून शिकायला आलेली एक तरुण मुलगी होती आणि मूळचे तमिळनाडूचे एक प्राध्यापक होते. आपल्यापैकी जे त्या सुमारास इथे होते, त्यांना तो सोमवार आठवत असेल. मारेकऱ्याला २००५ मध्येच न्यायासनापुढे स्वतःच्या जिवाला धोका असलेला मनोरुग्ण ठरवून उपचारांचा आदेश झाला होता. पण उपचार रुग्णालयात दाखल न होता बाहेरून घ्यायचे होते, आणि तशा आदेशांची नोंद व्हर्जिनिया राज्य त्या काळी निक्सकडे पाठवत नव्हते. त्यामुळे त्याने दोन्ही पिस्तुले रीतसर तपासणी होऊन घेतली. त्यानंतर राज्यांनी नोंदी पाठवाव्यात म्हणून कायदा झाला, सदरलंड स्प्रिंग्जनंतर २०१८ मध्ये आणखी एक झाला, आणि टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्यावर २५ जून २०२२ रोजी तिसरा. या तिसऱ्याने २१ वर्षांखालील खरेदीदारांच्या अल्पवयीन काळातील नोंदी पाहणे बंधनकारक केले, त्यासाठी दहा दिवसांपर्यंत मुदत दिली, आणि दुसऱ्यासाठी आपल्या नावावर बंदूक घेणे, ज्याला आपण बेनामी खरेदी म्हणू, हा स्वतंत्र गुन्हा केला.

तेव्हा ‘कडक करा’ याचा माझ्या दृष्टीने अर्थ असा: तीन दिवसांची मुदत वाढवा किंवा उत्तर येईपर्यंत विक्री थांबवा, खाजगी विक्री दुकानाच्या काउंटरवर आणा, आणि नोंदी वेळेवर पाठवायला माणसे आणि पैसे द्या. पहिल्या दोन गोष्टींवर भाषणे होतात. तिसरी कंटाळवाणी आहे म्हणून तिच्यावर कुणी बोलत नाही, आणि आमच्याकडे पाच जणींचे काम आजही तिघी करतो.


उत्तर: डॉ. अरुंधती, ओहायो

मी आपत्कालीन विभागात डॉक्टर आहे. या चर्चेत एक गोष्ट सुटते आहे असे मला वाटते. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले आणि त्यांतले २६,३२८ आत्महत्येचे होते, म्हणजे निम्म्याहून अधिक. चर्च आणि शाळांमधली हत्याकांडे आपल्या लक्षात राहतात, पण माझ्या विभागात येणारे बहुतेक रुग्ण त्या बातम्यांमधले नसतात. औषधाच्या गोळ्या खाल्लेली माणसे आम्ही पुष्कळदा वाचवतो. बंदूक वापरलेली बहुतेक आमच्यापर्यंत पोहोचतही नाहीत.

म्हणून तपासणीइतकेच महत्त्व मी बंदूक मागितल्यापासून ती हाती येईपर्यंतच्या मधल्या काळाला देते. ब्रॅडी कायद्याच्या पहिल्या टप्प्यात, १९९४ ते १९९८, पिस्तुलासाठी पाच दिवसांपर्यंत थांबावे लागे. निक्स आल्यावर तो अवधी गेला. त्या काळावर २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खुनांच्या प्रमाणात या कायद्यामुळे घट झाल्याचे दिसले नाही, पण ५५ वर्षांवरील लोकांच्या बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या कमी झाल्याचे दिसले. हे दोन्ही निष्कर्ष आपण सांगितले पाहिजेत, सोयीचा तेवढाच नव्हे. ज्या वयाचे तुमचे शेजारी आहेत, वृंदाताई, आणि ज्या एकटेपणातून ते जात आहेत, तो नेमका तोच गट आहे. त्यांना ते पिस्तूल घरात नको आहे, ही मला चांगली गोष्ट वाटते.


उत्तर: जयसिंगपूरकर

मी भारतातूनच वाचतो आहे. आमच्या आजोबांकडे शेतासाठी बारा बोअरची बंदूक होती. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार आधी परवाना मिळवायचा आणि मग बंदूक. पोलीस चौकशी होते, परवान्याची मुदत संपली की नूतनीकरण करावे लागते, आणि निवडणूक आली की परवाना असलेली बंदूकही ठाण्यात जमा करायला सांगतात. आजोबा ती गोणपाटात गुंडाळून एसटीने ठाण्यात नेत असत, हे मला आठवते. अमेरिकेत खरेदीच्या वेळी तपासण्यापेक्षा आधी माणसाला परवाना देण्याची पद्धत कुठे आहे का?


उत्तर: सुनीती, पूर्व किनारा

आहे. न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स अशा काही राज्यांत आहे. न्यू जर्सीत स्थानिक पोलिसांकडे अर्ज, बोटांचे ठसे आणि ओळखीच्या व्यक्तींची नावे द्यावी लागतात, आणि मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासण्यास संमतीही द्यावी लागते. तपासणारे तुमच्याच गावचे असतात, हा मोठा फरक पडतो. कनेक्टिकटने १९९५ मध्ये ही पद्धत आणली आणि मिझुरीने २००७ मध्ये आपली जुनी परवाना पद्धत रद्द केली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांना पहिल्या राज्यात बंदुकीने होणारे खून कमी झाल्याचे आणि दुसऱ्यात वाढल्याचे आढळले. उलट, परवान्याची जोड नसताना केवळ खाजगी विक्रीला तपासणी लावल्याने किती फरक पडतो, याबाबतचे पुरावे तितके भक्कम नाहीत. कॅलिफोर्नियावरील अभ्यासात तसा परिणाम दिसला नव्हता. मी तपासणीच्या बाजूची आहे, तरी हे लपवणार नाही.


उत्तर: माधवकाका, विस्कॉन्सिन

सुनीतीताईंशी मी सहमत आहे, आणि त्यात एक भर घालतो. २०१६ मध्ये तुरुंगातील कैद्यांच्या सरकारी पाहणीत, गुन्ह्याच्या वेळी बंदूक बाळगणाऱ्यांपैकी ४३ टक्क्यांनी ती रस्त्यावरच्या चोरट्या बाजारातून आणि एक टक्क्याहून कमी लोकांनी बंदुकांच्या जत्रेतून, म्हणजे प्रदर्शन-विक्रीतून, मिळवल्याचे सांगितले. आमचे मित्र हा आकडा दाखवून म्हणतात, की मग तपासणीचा उपयोग काय? पण रस्त्यावरची बंदूकही बहुतेक वेळा कधीतरी दुकानाच्या काउंटरवरूनच बाहेर पडलेली असते. ती बेनामी खरेदीने, चोरीने किंवा अशाच विनाकागद विक्रीने तिथे पोहोचते, आणि एकदा खाजगी हातांत गेली की तिचा माग पोलिसांना लागत नाही.

एप्रिल २०१३ मध्ये, सँडी हूकच्या शाळेत २० लहान मुले मारली गेल्यानंतर चार महिन्यांनी, जत्रांमधल्या आणि इंटरनेटवरच्या विक्रीला तपासणी लावणारे दोन्ही पक्षांचे विधेयक सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ४६ असे अडले, कारण ६० मते लागत होती. ते मांडणारे दोन्ही सिनेटर, मँचिन आणि टूमी, बंदूकधारकांमध्ये विश्वासाचे होते. मी त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा माझ्या सिनेटरांच्या कार्यालयात फोन केला. आपण व्हिसावर असाल तरी फोन करता येतो, वृंदाताई. तिथे उचलणारी मुले नाव, गाव आणि मुद्दा लिहून घेतात.


वृंदा, ह्यूस्टन

सर्वांचे मनापासून आभार. माधवकाकांचे पहिले उत्तर मी त्याच संध्याकाळी यजमानांना वाचून दाखवले. व्हिसाचा आणि पिस्तुलाचा काही संबंध असेल हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हते, आणि हे विचारणारे त्या व्यवहारात कुणीच नव्हते. आम्ही तीनशे डॉलर देऊन पेटी घरी आणली असती आणि गुन्हा केला आहे हे आम्हाला कदाचित कधीच कळले नसते.

काल शेजाऱ्यांना जाऊन सगळे सांगितले. ते आधी थोडे ओशाळले, मग खुर्ची ओढून बसले आणि तो ४४७३ फॉर्म असतो तरी कसा, हे विचारू लागले. यजमानांनी फोनवर काढून दाखवला. चष्मा लावून त्यांनी एकेक प्रश्न मोठ्याने वाचला. आता ते पिस्तूल एका परवानाधारक दुकानदाराकडे नेणार आहेत. तो थोडे शुल्क घेऊन घेणाऱ्याची तपासणी करतो आणि मगच हाती देतो, असे त्याने फोनवर सांगितले. निघताना त्यांनी आम्हाला दारापर्यंत सोडले आणि हळूच म्हणाले, की गेल्या दहा वर्षांत त्यांनी आणखी दोन बंदुका अशाच विकल्या आहेत. एक चर्चच्या ओळखीतून, एक इंटरनेटवर जाहिरात देऊन, पेट्रोल पंपाच्या आवारात. त्या दुसऱ्या माणसाचे नाव काय होते, हे त्यांना काल रात्रीपर्यंत आठवले नव्हते.